जुन्या मोटारीची झिलई

दीर्घकाळ वापरात असलेल्या मोटारीच्या वयाची पहिली खूण बहुधा तिच्या रंगात दिसते. यंत्राची झीज कानांना कळते, चाकांची झीज रस्त्यावर जाणवते. रंगाची झीज मात्र कोणालाही दुरूनच दिसते. एके काळी ज्या पत्र्यात समोरच्या झाडाचे प्रतिबिंब पानापानांसह उमटत असे, त्याच पत्र्यावर पुढे केवळ एक अंधूक सावली पडू लागते. छप्पर आणि बॉनेट यांवरून बोट फिरवले, तर बोटाला खडूसारखी भुकटी लागते. अशा वेळी मालकाला दोन मार्ग सुचतात. एक, गाडी नव्याने रंगवून घेणे; दुसरा, ती गॅरेजमध्ये नेऊन तिला ‘रबिंग’ मारून घेणे. दोन्ही मार्ग दिसायला सोपे आहेत. परंतु दोहोंतही मूळ रंगाचा जो भाग जातो, तो पुन्हा मिळत नाही. म्हणून कोणताही मार्ग पत्करण्यापूर्वी झिलई म्हणजे काय, ती का नाहीशी होते आणि ती कितपत परत आणता येते, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

चकाकी कशामुळे येते?

चकाकी हा रंगाच्या पृष्ठभागाचा गुणधर्म आहे. सपाट, गुळगुळीत पृष्ठभागावर प्रकाशकिरण पडले की त्यांतील काही किरण आरशाप्रमाणे एकाच ठरावीक दिशेने परावर्तित होतात. रंगाच्या पापुद्र्यावर सरळ पडणाऱ्या प्रकाशापैकी साधारणपणे शंभरात चार भागच असे परावर्तित होतात. तिरप्या किरणांच्या बाबतीत हे प्रमाण बरेच वाढते. उरलेला प्रकाश रंगाच्या आत शिरतो, तेथील रंगद्रव्याच्या कणांवर आपटून विखुरतो आणि रंगीत होऊन बाहेर पडतो. तात्पर्य, मोटारीचा लाल किंवा निळा रंग आपल्याला आतून येणाऱ्या प्रकाशामुळे दिसतो आणि तिची चकाकी वरच्यावर परतणाऱ्या प्रकाशामुळे.

पृष्ठभागावर बारीक खाचा आणि खड्डे पडले, की वरच्यावर परतणारा प्रकाश एका दिशेने न जाता चोहीकडे फाकतो. हा विखुरलेला पांढरा प्रकाश आतून येणाऱ्या रंगीत प्रकाशात मिसळतो. परिणामी चकाकी कमी होतेच, शिवाय रंगही फिका, राखाडी आणि दुधाळ भासू लागतो. नदीतला काळा गोटा वाळला की करडा दिसतो आणि पाण्यात बुडवताच पुन्हा काळाभोर होतो, त्याचे कारण हेच. पाणी त्याच्या खडबडीत पृष्ठभागावरील खळगे भरून काढते आणि प्रकाशाचे विखुरणे थांबवते. निस्तेज झालेल्या मोटारीवर पाऊस पडला की ती क्षणभर नवी वाटते, हा अनुभव अनेकांचा असेल.

यावरून झिलई परत आणण्याचे दोनच मूलभूत उपाय संभवतात. पहिला उपाय म्हणजे पृष्ठभागावरील उंचसखलपणा घासून सपाट करणे आणि दुसरा म्हणजे खळगे कशाने तरी भरून काढणे. पहिल्याने रंग कमी होतो, पण परिणाम टिकतो. दुसऱ्याने रंग कमी होत नाही, पण परिणाम काही काळच राहतो. बाजारात मिळणारी पॉलिशे, कंपाउंडे, ग्लेझ आणि मेणे ही सर्व या दोन उपायांत किंवा त्यांच्या मिश्रणात मोडतात.

रंगाच्या थराची घडण

कोणत्याही रंगात तीन मुख्य घटक असतात. डोळ्यांना रंग दाखवणारे रंगद्रव्य, त्याच्या कणांना एकत्र धरून पत्र्याला चिकटवणारे बंधक आणि रंग लावता यावा म्हणून त्याला पातळ करणारे द्रावक. द्रावक उडून गेल्यावर जो पापुद्रा उरतो, तो रंगद्रव्य आणि बंधक यांचा. यांपैकी बंधक हाच रंगाचा खरा देह होय. रंगाचे आयुष्य मुख्यतः त्याच्यावर अवलंबून असते.

आरंभीच्या मोटारी घोड्यांच्या बग्ग्यांप्रमाणेच तेलरोगणाने रंगवल्या जात. ब्रशाने थरावर थर चढवत, प्रत्येक थर वाळण्याची वाट पाहत या कामाला कित्येक आठवडे लागत. मोटारींचे उत्पादन वेगाने होऊ लागल्यावर हा विलंब परवडेना. अमेरिकेत फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ ही गाडी १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगात निघत असे; तिच्यासाठी डांबरयुक्त काळी रोगणे भट्टीत भाजून वापरली जात. पुढे ड्यू पाँट आणि जनरल मोटर्स या कंपन्यांनी मिळून नायट्रोसेल्युलोजपासून तयार केलेला, फवाऱ्याने मारता येणारा आणि झपाट्याने वाळणारा एक लॅकर विकसित केला. १९२४च्या ‘ओकलंड’ मोटारींवर तो निळ्या छटेत प्रथम झळकला. त्याचे व्यापारी नाव ‘ड्यूको’. भारतात हे नाव इतके रुळले, की मोटारीलाच नव्हे, तर लोखंडी कपाटाला आणि लाकडी पलंगाला फवाऱ्याने दिलेल्या चकचकीत रंगालाही लोक ‘ड्यूको’ म्हणू लागले.

लॅकर केवळ द्रावक उडून गेल्याने वाळतो. म्हणून वाळल्यानंतर कित्येक वर्षांनीही त्याच्यावर थिनर ओतला तर तो पुन्हा विरघळतो. त्याच्यानंतर आलेले इनॅमल रंग निराळ्या प्रकारचे आहेत. त्यांतील बंधकाचे रेणू हवेतील प्राणवायूमुळे किंवा भट्टीतील उष्णतेमुळे एकमेकांशी जखडले जातात आणि एक कठीण जाळे तयार होते. ते पुन्हा द्रवरूप होत नाही. या दोन्ही प्रकारांत रंग आणि चकाकी एकाच थरात सामावलेली असते, म्हणून त्यांना एकथरी रंग म्हणता येईल.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिसरी पद्धत आली. तीत रंगद्रव्याचा थर पातळ आणि निस्तेज असतो आणि त्याच्यावर पारदर्शक लेपाचा स्वतंत्र थर दिलेला असतो. चकाकी असते ती या वरच्या लेपाची. पत्र्यापासून वरपर्यंतच्या सर्व थरांची मिळून जाडी नव्या गाडीवर बहुधा १०० ते १५० मायक्रॉन इतकीच असते आणि तीत पारदर्शक लेपाचा वाटा साधारणपणे ३५ ते ५० मायक्रॉनांचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारणतः ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे ज्या थरावर आपण घासणार आहोत, तो किती नाजूक आहे याची कल्पना येईल.

भारतातील जुन्या गाड्यांचा विचार करता पहिले दोन प्रकार अधिक महत्त्वाचे ठरतात. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होत राहिलेली अँबॅसडर आणि मुंबईत कुर्ला येथे तयार झालेली प्रीमियर पद्मिनी या दोन गाड्यांनी देशाच्या रस्त्यांवर अनेक दशके राज्य केले. शासकीय कार्यालयांपुढे उभी राहणारी पांढरी अँबॅसडर आणि मुंबईची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी ही त्यांची सर्वपरिचित रूपे. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची निघून गेली. या जुन्या गाड्या बहुतांशी एकथरी रंगात रंगवलेल्या असत. ज्या कुटुंबांनी त्या जपून ठेवल्या आहेत, त्यांच्या हाती आज मोटारीबरोबर त्या काळच्या रंगकामाचा नमुनाही आहे.

रंग निस्तेज का होतो?

रंगाचा सर्वांत मोठा शत्रू सूर्यप्रकाश. त्यातील अतिनील किरण बंधकाच्या रेणूंचे बंध तोडतात आणि तुटलेल्या ठिकाणी हवेतील प्राणवायू संयोग पावतो. वर्षानुवर्षे ही क्रिया चालू राहिली, की वरच्या थरातील बंधक हळूहळू नष्ट होते आणि त्याने धरून ठेवलेले रंगद्रव्याचे कण मोकळे पडतात. बोटाला लागणारी भुकटी ती हीच. पांढऱ्या रंगातील टायटॅनियम डायॉक्साइड हे रंगद्रव्य प्रकाशात स्वतःच या विघटनाला चालना देऊ शकते. म्हणून त्याच्या कणांवर संरक्षक लेप देण्याची पद्धत पुढे पडली. काही लाल रंगद्रव्ये प्रकाशात स्वतःच विटतात, त्यामुळे जुन्या लाल गाड्यांवर गुलाबी छटा येते. छप्पर, बॉनेट आणि डिकी हे आडवे भाग उभ्या दारांपेक्षा आधी बिघडतात, कारण ऊन त्यांच्यावर सरळ पडते.

दुसरे कारण पाणी. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे जड पाणी तापलेल्या पत्र्यावर वाळले, की त्यातील क्षार मागे राहतात आणि पांढरे गोल डाग पडतात. किनारपट्टीवरील खारी हवा रंगाला पडलेल्या बारीकशा भेगेतून पत्र्यापर्यंत पोहोचते आणि गंज धरवते. पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते. उन्हात ती वाळून आकसते, तेव्हा उष्णतेने मऊ झालेल्या रंगालाही ओढून घेते. आंब्याखाली किंवा जांभळाखाली गाडी उभी करणाऱ्यांना चिकट थेंबांचा आणि डागांचा उपद्रव ठाऊकच असतो.

तिसरे कारण अनेकांना आश्चर्यकारक वाटेल. ते म्हणजे रोजची सफाई. शहरांत पहाटे एक बादली आणि एक फडके घेऊन गाड्या पुसण्याची रीत सर्वत्र आढळते. रस्त्यावरील धुळीत स्फटिकाचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण असतात आणि ते मोटारीच्या रंगापेक्षा कितीतरी कठीण असतात. कोरड्या किंवा जेमतेम ओल्या फडक्याने धूळ पुसली, की हेच कण फडक्याखाली सापडून रंगावर हजारो सूक्ष्म ओरखडे उमटवतात. उन्हात किंवा दिव्याखाली पाहिले असता हे ओरखडे दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे वर्तुळाकार दिसतात. वस्तुतः ते सर्व दिशांना पसरलेले असतात. प्रकाशाच्या मार्गाला आडवे असलेले तेवढेच आपल्या डोळ्यांकडे प्रकाश परतवतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. याचा अर्थ असा, की ज्या गाडीची निगा रोज राखली जाते, तीच गाडी कित्येकदा त्या निगेमुळे निस्तेज होते. रॉकेलच्या फडक्याने पुसून तात्पुरती तुकतुकी आणण्याची जुनी सवयही हितावह नाही. मागे राहिलेला तेलकट थर धूळ धरून ठेवतो आणि काचांभोवतीचे रबर खराब करतो.

आधी परीक्षा

उपचारापूर्वी निदान हवे. सर्वप्रथम रंग एकथरी आहे की त्यावर पारदर्शक लेप आहे, हे पाहावे. त्यासाठी दाराच्या आतील कडेसारखी सहसा न दिसणारी जागा निवडावी आणि पांढऱ्या फडक्यावर थोडे सौम्य पॉलिश घेऊन हलक्या हाताने चोळावे. फडक्याला गाडीचा रंग लागला, तर रंग एकथरी आहे. ॲल्युमिनियमचे चूर्ण असलेल्या चमकदार एकथरी रंगांत फडके करडे किंवा काळपट होते. अशा रंगावर फार जपून हात चालवावा लागतो. कारण घासल्याने चूर्णाचे कण उघडे पडून कायमचे चट्टे पडू शकतात. फडके पांढरेच राहिले, तर वर पारदर्शक लेप असण्याचा संभव अधिक. एकथरी रंग लॅकर आहे की इनॅमल, हे कळण्यासाठी अशाच आडोशाच्या जागी थिनरचा एखादा थेंब फडक्यावर घेऊन टेकवतात. लॅकर लगेच विरघळू लागतो.

त्यानंतर जाडी पाहावी. रंगाची जाडी मोजणारी छोटी यंत्रे मिळतात. लोखंडी पत्रा आणि यंत्राचे टोक यांच्यातील अंतर ती चुंबकीय पद्धतीने मोजतात. त्यांनी दाखवलेला आकडा प्रायमर आणि लांबी यांसह एकूण थराचा असतो, हे विसरू नये. एका भागावर १२० मायक्रॉन आणि शेजारच्या भागावर ४०० मायक्रॉन आढळले, तर दुसरा भाग कधीतरी ठोकून, लांबी भरून, पुन्हा रंगवलेला आहे असे खुशाल समजावे. आकडा शेजारच्या भागांपेक्षा फार कमी असेल, तर तेथे पूर्वी कोणीतरी बरेच घासून गेलेले आहे.

अखेरीस बिघाडाचा प्रकार ओळखावा. भुकटी, फिकटपणा, पाण्याचे डाग आणि बारीक ओरखडे हे वरच्या थराचे आजार असून ते बहुधा बरे होतात. रंगाला खोलवर गेलेल्या भेगा, पापुद्रे निघणे, फोड आणि त्याखालचा गंज हे आजार पॉलिशाच्या आवाक्याबाहेरचे आहेत. पारदर्शक लेप सालीसारखा सुटू लागला असेल, तर कितीही घासले तरी उपयोग नाही. घासण्याने तो अधिकच सुटतो. नखाला लागणारा ओरखडाही बहुधा इतका खोल असतो, की तो पूर्णपणे काढायचा म्हणजे भोवतालचा रंगच काढून टाकण्यासारखे होईल.

धुणे

झिलईच्या कामात धुण्याला कमी लेखण्याची चूक सर्रास होते. गाडी सावलीत उभी करून पत्रा थंड होऊ द्यावा. प्रथम भरपूर पाणी सोडून सुटी धूळ वाहून जाऊ द्यावी. नंतर दोन बादल्या घ्याव्यात. एकीत मोटारीसाठी असलेल्या सौम्य साबणाचे पाणी आणि दुसरीत साधे पाणी. मऊ फडके साबणाच्या पाण्यात बुडवून छपरापासून खाली धुवावे आणि प्रत्येक वेळी ते साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा साबणात बुडवावे. कपड्यांचा सोडा किंवा भांड्यांची पावडर टाळावी. चाके आणि खालच्या कडा यांसाठी वेगळे फडके ठेवावे.

धुऊन झाल्यावरही पृष्ठभाग हाताला कणीदार लागत असेल, तर त्यात लोखंडाचे बारीक कण, डांबराचे थेंब किंवा रंगाचे तुषार रुतलेले असतात. ते काढण्यासाठी मातीच्या गोळ्यासारखा एक लवचिक पदार्थ मिळतो. साबणाच्या पाण्याने पत्रा निसरडा करून तो गोळा हलकेच फिरवला, की कण त्यात ओढले जातात. गोळा वरचेवर मळून स्वच्छ बाजू वर आणावी. तो जमिनीवर पडला तर पुन्हा वापरू नये. भुकटी सुटणाऱ्या एकथरी रंगावर मात्र ही पायरी अगदी बेताने करावी.

तेलाचा उपाय

एकथरी जुन्या रंगावर घासण्याचा प्रयोग करण्यापूर्वी तेलाचा प्रयोग करावा, असे अनुभवी कारागीर सांगतात. घर्षक कण नसलेले तेलयुक्त ग्लेझ जाड टॉवेलच्या तुकड्यावर सढळपणे घेऊन पत्र्याच्या लांबीच्या दिशेने हाताने चोळायचे, त्याचा दाट थर रात्रभर तसाच राहू द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुसून घ्यायचा. बंधक नष्ट झाल्यामुळे वरच्या थरात जी सूक्ष्म छिद्रे झालेली असतात, त्यांत तेल शिरते. तेलाचा आणि बंधकाचा प्रकाशाला वळवण्याचा गुण बराचसा सारखा असल्यामुळे छिद्रांतील विखुरणे थांबते आणि दबलेला रंग पुन्हा गडद दिसू लागतो. चोळताना मृत झालेली भुकटीही टॉवेलवर निघून येते. वाड्यातील जुन्या सागवानी खांबाला तेल दिल्यावर लाकडाच्या रेषा जशा उजळतात, तसाच हा प्रकार आहे.

या उपायाने रंगाला ‘नवे जीवन’ मिळते असे पुष्कळदा म्हटले जाते. ते शब्दशः खरे नव्हे. तुटलेले रेणू तेलाने पुन्हा जुळत नाहीत. परंतु पुढे घासण्याची वेळ आलीच, तर तेल मुरलेला पृष्ठभाग कोरड्या पृष्ठभागापेक्षा कमी ओरबाडला जातो. कित्येकदा तर एवढ्यावरच काम भागते आणि मूळ रंगाचा फारसा बळी न देता गाडी पाहण्याजोगी होते.

घासणे

घासण्याचा नियम एका वाक्यात सांगता येतो. जेवढ्या सौम्य साधनाने काम होईल, तेवढेच साधन वापरावे. कंपाउंड, पॉलिश आणि अंतिम पॉलिश या सर्वांत ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखे घर्षक कण असतात. फरक असतो तो कणांच्या आकाराचा आणि तीक्ष्णपणाचा. मोठे कण खोल ओरखडे काढतात, पण स्वतःचे लहान ओरखडे मागे ठेवतात. ते पुढील बारीक कणांनी काढावे लागतात. ओरखड्यांचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही, म्हणजे अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासपेक्षाही, लहान झाला, की डोळ्यांना पृष्ठभाग आरशासारखा वाटतो. ही रीत जुनीच आहे. कर्नाटकातील चन्नपट्टण येथील कारागीर लाकडी खेळण्यांवर लाखेचा रंग चढवून अखेरीस केवड्याच्या जातीच्या झाडाचे पान फिरत्या खेळण्यावर धरतात आणि झिलई आणतात.

प्रारंभी बॉनेटच्या एका कोपऱ्यावर सुमारे ४५ सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन आखून घ्यावा आणि सर्वांत सौम्य पॉलिशाचा प्रयोग तेवढ्यावरच करावा. परिणाम पुरेसा वाटला नाही, तरच एक पायरी वर जावे. जे साधन या चौकोनात यशस्वी ठरेल, तेच सर्व गाडीला वापरावे. काम हाताने करता येते, तसेच यंत्रानेही. यंत्रे दोन प्रकारची असतात. एकात चकती केवळ स्वतःभोवती फिरते. ते वेगाने कापते आणि एका जागी थांबल्यास क्षणात उष्णता निर्माण करून रंग जाळते. दुसऱ्यात चकती फिरता फिरता डुलतेही. ते मंद पण निर्धोक असल्यामुळे नवशिक्याने तेच पसंत करावे. लॅकर उष्णतेने लवकर मऊ होतो, म्हणून त्यावर वेग आणि दाब दोन्ही कमी ठेवावेत.

पत्र्याच्या कडा, घड्या आणि उंचवटे येथे रंग मुळातच पातळ असतो आणि चकतीचा सगळा दाब तेथेच एकवटतो. रंग उडून प्रायमर दिसू लागण्याचे अपघात बहुतेक या ठिकाणीच घडतात. म्हणून कडांवर कागदी चिकटपट्टी लावावी आणि तेवढा भाग शेवटी हाताने करावा. एकथरी रंगावर चकतीला गाडीचा रंग लागतच राहणार. तिला वारंवार स्वच्छ करावे. हा रंग म्हणजे गाडीवरून निघालेला रंगच होय, हे मनात असले की हात आपोआप आवरता राहतो.

पाण्यात वापरायच्या २००० किंवा ३००० नंबरच्या पॉलिशपेपरने आधी घासून मग पॉलिश करण्याची पद्धत गॅरेजांत प्रचलित आहे. तिने चकाकी विलक्षण येते. पण सौम्य पॉलिशाच्या एका फेरीत जेथे एखादा मायक्रॉन रंग जातो, तेथे या पद्धतीत कितीतरी पट जातो. जुन्या मूळ रंगावर ती वापरणे म्हणजे दहा वर्षांची शिल्लक एका दिवसात खर्च करणे होय. आरोग्याचाही प्रश्न आहे. जुन्या पिवळ्या, नारिंगी आणि काही लाल रंगांत शिशाची संयुगे वापरली जात. अशा रंगाची कोरडी धूळ श्वासावाटे जाणे घातक असते. म्हणून कोरडे घासणे टाळावे, तोंडावर योग्य मुखपट्टी असावी, वापरलेली फडकी घरच्या कपड्यांत धुवू नयेत आणि लहान मुलांना कामाच्या जागेपासून दूर ठेवावे.

मेणाचे कवच

घासल्यानंतर उघडा पडलेला रंग तसाच ठेवला, तर ऊन आणि पाणी यांचे काम पुन्हा सुरू होते. म्हणून अखेरीस मेणाचा पातळ थर द्यावा. मोटारीच्या मेणांत ब्राझीलमधील कार्नोबा या ताडवर्गीय झाडाच्या पानांवरील मेणाला विशेष मान आहे. त्याचा वितळणबिंदू सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअस असतो, तर मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते. उन्हाळ्यात उभ्या गाडीचे छप्पर चटका बसण्याइतके तापते, तेव्हा या फरकाचे महत्त्व कळते. मेण सूर्यकिरणांना फारसे अडवत नाही. पाणी आणि चिकट घाण यांना मात्र ते रंगावर ठाण मांडू देत नाही. जाड थराने अधिक संरक्षण मिळत नाही. जास्तीचे मेण पुसून टाकावेच लागते. आपल्या हवेत मेण काही महिन्यांत झिजते, म्हणून पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा ते देणे सोयीचे ठरते. गाडी पुढे रंगवण्याचा विचार असेल, तर सिलिकोनयुक्त पॉलिश टाळावे. त्याचा अंश राहिला, तर नवा रंग तेथे न पसरता माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पाडतो.

हात कोठे आवरावा?

वर सांगितलेले सर्व ध्यानात घेतले, तर एक गोष्ट स्पष्ट होते. मूळ रंग ही एक ठेव असून घासण्याची प्रत्येक फेरी ही तीतून काढलेली रक्कम आहे. ठेवीत भर घालण्याची सोय नाही. गाडी नव्याने रंगवता येते आणि तो रंग मूळ रंगापेक्षा अधिक चकचकीतही असू शकतो. पण तो मूळ रंग नव्हे. कारखान्यातील त्या काळची छटा, फवाऱ्याची धाटणी, छपराच्या कडेला राहिलेला एखादा ओघळ या सर्वांची नोंद त्या पापुद्र्यात असते. ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक संघटनेने, म्हणजे ‘फिवा’ने, स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेतही जतन करण्याला नव्याने घडवण्यापेक्षा अग्रक्रम दिलेला आहे. भारतातही २०२१ मध्ये केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले आणि त्यांत वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे, ही अट घातली. हा नियम काही रंगाच्या चकाकीबद्दल नाही. तरीही जुनी मोटार ही जपण्याची वस्तू आहे, ही जाणीव त्यातून व्यक्त होते.

म्हणून आरशासारखी चकाकी हे प्रत्येक जुन्या गाडीचे ध्येय असण्याचे कारण नाही. रोज वापरातील, दोनदा रंगवलेली गाडी असेल, तर थोडा धीटपणा चालेल. परंतु पन्नास वर्षे एकाच घरात राहिलेल्या आणि कारखान्यातून निघाल्यापासून तोच रंग अंगावर असलेल्या गाडीच्या बाबतीत स्वच्छ धुणे, तेलाचा उपाय, सौम्य पॉलिशाची एक फेरी आणि मेण यांपुढे जाऊ नये. काही ओरखडे राहतील, दाराच्या मुठीखाली वर्षानुवर्षांच्या नखांच्या खुणा दिसतील, छपराचा रंग दारांपेक्षा किंचित फिका असेल. ते तसेच राहू द्यावे. त्यानंतर गाडी सावलीत ठेवावी, हवा खेळेल असे आच्छादन ती स्वच्छ असतानाच घालावे आणि धूळ कोरडी न पुसता पाण्याने वाहून जाऊ द्यावी. रोजच्या पुसण्याला एवढा लगाम घातला, तरी पुन्हा पॉलिशाची वेळ येण्यास बरीच वर्षे जातील आणि अंगावर उरलेला रंग पुढच्या पिढीलाही पाहता येईल.